29वा बाहेर आणि 54वा आत, असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी इंडियानात शिकायला गेल्यापासून तुम्ही कॉलेज बास्केटबॉल बघायला लागलात. 2024 साली इंडियाना स्टेटच्या संघाने 28 सामने जिंकले, फक्त 6 हरले, आणि एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, स्वतःच्या ‘नेट’ क्रमवारीत तो 29वा होता. तरी 68 संघांच्या स्पर्धेत त्याला जागा मिळाली नाही, आणि 54व्या क्रमांकाचं व्हर्जिनिया मात्र आत गेलं. मग क्रमवारी काढतात कशाला? आणि काढतातच तर वरून खाली संघ उचलून मोकळे का होत नाहीत? शिवाय ऑफिसात सगळे ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाला हरवेल याच्या भाकिताचा तक्ता, भरतात, तर तुम्ही तो कशावर भरावा?

गेली चौदा वर्षं मी एका मधल्या फळीतल्या कॉन्फरन्सच्या (आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) संघासाठी आकडेमोड आणि वेळापत्रक बघतो. या क्रमवारीवर ज्यांचा जीव टांगलेला असतो त्यांच्यातलाच मी एक. माझं मन इंडियाना स्टेटकडे झुकणार, तेवढं वजा करून वाचा.

आधी जागांचा हिशोब. 2024 मध्ये 68 पैकी 32 जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळाल्या. उरलेल्या 36 जागांवरचे संघ बारा जणांच्या समितीने निवडले. या समितीत विद्यापीठांचे क्रीडासंचालक आणि कॉन्फरन्सचे आयुक्त असतात. त्या 36 मधल्या पहिल्या तिसेक संघांबद्दल कोणाचं दुमत नसतं. भांडण असतं ते शेवटच्या पाच-सहा जागांचं, म्हणजे काठावरच्या संघांचं. त्यातही मार्चमध्ये एखादा जागाचोर उगवतो. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना स्टेट 17 विजय आणि 14 पराभव घेऊन एसीसी या आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत उतरलं, पाच दिवसांत पाच सामने जिंकून विजेतं झालं आणि काठावरच्या कुणाची तरी जागा खाऊन गेलं. पुढे तेच अंतिम चारमध्ये पोचलं, हा भाग वेगळा.

आता मुद्द्याचं. ‘हा संघ चांगला आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि सगळा घोळ तिथेच आहे. एक अर्थ: उद्या तटस्थ मैदानावर सामना लावला तर हा संघ जिंकेल का? दुसरा अर्थ: नोव्हेंबरपासून आजपर्यंत या संघाने कमावलं काय? शाळेत एखादा मुलगा वर्गात सगळ्यात हुशार आहे हे मास्तरांना ठाऊक असतं, पण पेपरात त्याला 62 पडतात. बक्षीस कोणाला द्यायचं? मास्तरांच्या अंदाजाला की पेपरातल्या गुणांना? एनसीएएने हा निर्णय कधीच धड घेतलेला नाही. समितीसमोर जी टीम शीट ठेवतात तिच्यावर दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. केनपॉम (केन पॉमेरॉय यांची क्रमवारी) आणि बीपीआय भाकीत करणारे, तर केपीआय, स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड आणि आता डब्ल्यूएबी (त्याबद्दल पुढे) कमाई मोजणारे. नेट अर्धं इकडे, अर्धं तिकडे. ज्या सदस्याला ज्या संघाची बाजू घ्यायची असेल त्याला सोयीचा आकडा त्या पानावर कुठे ना कुठे सापडतोच.

भाकीत करणारे आकडे कसे बनतात ते एका सामन्यावरून दाखवतो. केन पॉमेरॉय यांच्या पद्धतीचा पाया म्हणजे पझेशन, म्हणजे चेंडू हातात आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव. तो कोणी मोजत बसत नाही, स्कोअरशीटवरून काढतात: बास्केटवर मारलेले फटके, वजा रिबाउंड (आपला फटका चुकल्यावर आपल्याच संघाने परत मिळवलेले चेंडू), अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोच्या 0.475 पट. समजा आपण 58 फटके मारले, 9 रिबाउंड परत मिळवले, 11 चेंडू घालवले आणि 20 फ्री थ्रो घेतले. 58 वजा 9 अधिक 11 अधिक 9.5, म्हणजे 69.5 पझेशन. गुण झाले 76, तर दर शंभर पझेशनला 109.4. समोरच्याचे असेच काढायचे, मग प्रतिस्पर्धी किती तगडा होता आणि सामना कोणाच्या घरी होता यानुसार दुरुस्ती करायची. संथ खेळणारा आणि धावत खेळणारा संघ यांची तुलना याशिवाय होत नाही, म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते.

पण आता शेवटची दोन मिनिटं बघा. आपण 76–60 ने पुढे आहोत. प्रशिक्षकाने राखीव पोरांना उतरवलं तर सामना तिथेच संपतो. मुख्य खेळाडू ठेवले आणि 82–60 केलं, पझेशन तितकेच धरले, तर शंभरामागचा फरक 23 वरून जवळजवळ 32 होतो. 31 सामन्यांच्या सरासरीत ही वाढ पाव गुणाच्या थोडी वर जाते. क्षुल्लक वाटतं ना? काठावर पाव गुणात एक-दोन क्रमांक हलतात, आणि हाच उद्योग आठ सामन्यांत केला तर दोन गुणांहून जास्त पदरात पडतात. क्रिकेटमध्ये नेट रनरेटसाठी दुबळ्या संघाविरुद्ध पंधराव्या षटकात सामना संपवायची घाई आपण बघतोच, त्याच जातीचं हे.

एनसीएएला याची कल्पना नव्हती असं नाही. 2018-19 च्या हंगामात नेट आलं तेव्हा त्यात पाच घटक होते, आणि गुणफरकाच्या घटकाला दहाची मर्यादा घातली होती. 2020 मध्ये पाचाचे दोन झाले: कोणाला कुठे हरवलं याचं मोल करणारा एक निर्देशांक, आणि दुरुस्त केलेली निव्वळ कार्यक्षमता, म्हणजे वर मांडला तो शंभरामागचा फरक. गुणफरकाचा घटक गेला, त्याबरोबर त्याची मर्यादाही गेली. पूर्ण सूत्र त्यांनी आजतागायत उघड केलेलं नाही. सूत्र झाकून ठेवलं की कोणी त्याचा गैरफायदा घेणार नाही, अशी त्यामागची समजूत असावी. आमच्या धंद्यातले लोक चार हंगामांचे आकडे मांडून ते बऱ्यापैकी ओळखतात.

नेटच्या आधी आरपीआय होतं, 1981 पासून. त्याचं सूत्र उघड होतं आणि इतकं सोपं की नॅपकिनवर मांडता यावं: आपली विजयाची टक्केवारी 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांची 50 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची 25 टक्के. म्हणजे तुम्ही कसे खेळलात यापेक्षा कोणाशी खेळलात याला तिप्पट वजन. समजा आपण 30 पैकी 21 जिंकले, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 0.550. आता 30 पैकी 5 जिंकलेल्या एका गरीब संघाला घरी बोलावून हरवलं. आपली टक्केवारी वाढल्याने जवळपास 0.0024 मिळाले, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी घसरल्याने 0.006 गेले. जिंकून खाली! त्या काळात वेळापत्रक करणाऱ्याचं सगळं कसब यात होतं की आपल्या दुबळ्या कॉन्फरन्समध्ये भरपूर जिंकणारा, पण आपल्याला हरवू न शकणारा संघ शोधायचा. असे संघ कोणते याची माझ्याकडे एक वही होती. 2018 नंतर ती रद्दीत गेली आणि दुसरी सुरू झाली.

आरपीआयला सगळे शिव्या देतात, मीही दिल्यात. पण समितीने तेही डोळे मिटून कधी पाळलं नव्हतं. 2006 मध्ये मिझुरी स्टेट आरपीआयमध्ये 21वं होतं आणि बाहेर राहिलं. त्याच वर्षी जॉर्ज मेसनला समितीने आत घेतलं म्हणून टीव्हीवरच्या पंडितांनी आकांडतांडव केलं, आणि त्या अकराव्या मानांकनाच्या (स्पर्धेत समितीने दिलेल्या क्रमाच्या) संघाने मिशिगन स्टेट, नॉर्थ कॅरोलायना, विचिटा स्टेट, कनेक्टिकट यांना हरवून अंतिम चार गाठलं. यावरून निवड बरोबर होती असं म्हणू नका. 2024 मध्ये व्हर्जिनिया पहिल्याच सामन्यात कोलोरॅडो स्टेटकडून 67–42 असं हरलं, यावरून निवड चूक होती असंही म्हणू नका. एका सामन्याचा निकाल निवडीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि का सांगत नाही हे कळलं की तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

कॉलेजच्या सामन्यात अपेक्षित गुणफरक आणि प्रत्यक्ष गुणफरक यांतलं प्रमाण विचलन, म्हणजे नेहमीचा चढ-उतार, साधारण 11 गुणांचं असतं. एक संघ हंगामात तीसेक सामने खेळतो. 11 ला 31 च्या वर्गमुळाने भागा, दोन गुण येतात. म्हणजे अगदी शहाण्यातल्या शहाण्या पद्धतीनेही संघाची खरी ताकद दोन गुण इकडे किंवा तिकडे एवढ्याच खात्रीने सांगता येते. आता काठावर बघा. चाळिसावा आणि पन्नासावा संघ यांच्यात साधारण एका गुणाचं अंतर असतं. शंभर सामने खेळवले तर वरचा 53-54 जिंकेल. ज्या पट्टीवर खुणाच दोन सेंटिमीटरच्या आहेत तिने तुम्ही मिलिमीटर मोजायला निघालात. ‘29 विरुद्ध 54’ हे ऐकायला प्रचंड वाटतं, कारण क्रमांकांमधली अंतरं सारखी असतात असं आपण नकळत धरून चालतो. पहिला आणि सहावा यांच्यात दरी असू शकते. पस्तीस ते साठ या पट्ट्यात मात्र लोकलच्या गर्दीसारखी अवस्था असते, कोणाचा पाय कोणाच्या पायावर आहे कळत नाही.

याहून खोल अडचण वेगळीच आहे. एनसीएएच्या पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. 364 धरले तर त्यांच्या जोड्या होतात 66,066, आणि हंगामात सामने होतात साडेपाच-सहा हजार. त्यातही कॉन्फरन्समधले संघ आपापसातच दोन-दोनदा खेळतात. कोणतीही क्रमवारी ‘अ ने ब ला हरवलं, ब ने क ला’ अशा धाग्यांनी हे सगळं जाळं विणते. जानेवारी उजाडला की धागे जवळजवळ बंद होतात, कारण सगळे आपापल्या कॉन्फरन्समध्ये शिरतात. दोन कॉन्फरन्समधली उंची ठरते ती नोव्हेंबर-डिसेंबरच्या सामन्यांवर, तेव्हाच्या संघांवर, तेव्हाच्या दुखापतींवर.

धागेच नसले तर काय होतं, हे 2021 मध्ये उघड्यावर दिसलं. कोविडच्या त्या हंगामात पॅट्रियट लीग या कॉन्फरन्सच्या बहुतेक संघांनी बाहेरचे सामनेच ठेवले नाहीत. त्यातलं कोलगेट (होय, तेच घराणं, साबण-टूथपेस्टवालं) मोजक्या शेजाऱ्यांशी पुन:पुन्हा खेळलं, 14 जिंकलं, 1 हरलं, आणि जिंकलं ते मोठ्या फरकाने. नेटने त्याला नववं ठरवलं. देशात नववं! सूत्रात चूक नव्हती. एका बेटावरच्या सगळ्यात उंच माणसाची उंची दुसऱ्या बेटावरच्या माणसांच्या तुलनेत सांग, असं आपण त्याला विचारलं होतं आणि मधे होडी जवळजवळ नव्हतीच. समितीने डोकं वापरलं आणि कोलगेटला चौदावं मानांकन दिलं. आर्कान्सासविरुद्ध पूर्वार्धात त्यांनी आघाडी घेतली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, शेवटी 85–68 ने हरले. आकडा न पाळल्याबद्दल समितीला मी मनापासून दाद दिली असा तो एक प्रसंग. इतर वर्षी बेटं पूर्ण सुटी नसतात, अरुंद साकव असतात. इंडियाना स्टेटचं मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स असंच साकवापलीकडचं. त्यांचा 29 हा आकडा त्या साकवावरून आलेला होता, म्हणून त्याच्याभोवतीची अनिश्चितता एखाद्या बड्या कॉन्फरन्समधल्या 29व्या संघापेक्षा जास्त. टीम शीटवर मात्र दोघांपुढे 29 एवढंच छापतात.

चौकटींबद्दल बोलायलाच हवं, त्यांनी माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच सकाळी खाल्ल्यात. समिती विजय-पराभव चार चौकटींत बघते. पहिल्या चौकटीत घरी 1 ते 30, तटस्थ ठिकाणी 1 ते 50 आणि परगावी 1 ते 75 क्रमांकांच्या संघांशी झालेले सामने. कल्पना चांगली आहे, परक्या मैदानाला वजन मिळतं. पण 75 आणि 76 यांच्यामध्ये भिंत आहे. एका हंगामात आम्ही डिसेंबरात परगावी जाऊन ज्या संघाला हरवलं तो फेब्रुवारीभर 73 आणि 78 यांच्यामध्ये झोके घेत होता. मी रोज सकाळी चहाच्या आधी त्याचा क्रमांक बघायचो. निवडीच्या आठवड्यात तो संघ त्याच्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत एका गुणाने हरला, शेवटचा फ्री थ्रो कड्यावर आदळून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो 77वा, आणि आमचा सगळ्यात मोठा विजय दुसऱ्या चौकटीत. आमची पोरं त्या रात्री झोपलेली होती.

आणि ज्या क्रमवारीच्या चुका आत्ताच सांगितल्या तिच्यावरच या चौकटी उभ्या आहेत. एखाद्या बड्या कॉन्फरन्सने नोव्हेंबरात दुबळ्यांना तीस-तीस गुणांनी धुतलं की तिचे सगळे संघ वर चढतात, मग जानेवारी ते मार्च ते एकमेकांशी खेळतात तेव्हा बरेचसे सामने पहिल्या चौकटीत मोजले जातात. हरले तरी ‘चांगल्याकडून हरले’. आमच्यासारख्याला पहिल्या चौकटीचे सामने हंगामात चार मिळाले तरी नवस फेडावा. बड्या विद्यापीठांना फोन करून ‘एकदा आमच्याकडे या’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: पैसे देतो, तुम्हीच या. हरण्याची जोखीम ते का घेतील? तेव्हा ‘त्यांनी चांगल्या संघांना हरवलंच नाही’ हा आक्षेप वाचताना एवढं ध्यानात ठेवा की संधीच कोणाच्या हातात होती. उलट बाजूही सांगतो: 2019 मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट नेटमध्ये 33वं असून बाहेर राहिलं, कारण कॉन्फरन्सबाहेरचं त्याचं वेळापत्रक देशात सर्वांत सोपं, 353 पैकी 353वं होतं. तिथे संधी होती आणि त्यांनी ती टाळली. ती शिक्षा मला रास्त वाटते.

डब्ल्यूएबी, म्हणजे ‘काठापेक्षा किती विजय जास्त’, हा आकडा 2024-25 पासून टीम शीटवर आला, आणि माझ्या मते कमाई मोजायला आजवर हातात आलेलं हे सगळ्यात प्रामाणिक साधन आहे. हेच वेळापत्रक काठावरच्या एखाद्या सरासरी संघाला दिलं असतं तर त्याने किती जिंकले असते? एखाद्या बलाढ्य संघाच्या घरी त्याची शक्यता 15 टक्के असेल, तर तिथे जिंकलात की 0.85 जमा, हरलात की फक्त 0.15 वजा. घरच्या मैदानावर दुबळ्याविरुद्ध 97 टक्के असेल, तर जिंकून 0.03, हरून 0.97 चा खड्डा. तिथे तीसने जिंका की तीनने, खात्यात तेवढेच. भिंती नाहीत, आकडे फुगवण्यात फायदा नाही. तरी ती 15 आणि 97 टक्क्यांची शक्यता कुठून येते? पुन्हा क्रमवारीतूनच. बेटं आणि साकव मागच्या दाराने आत येतातच.

आणि काही गोष्टी कोणत्याच आकड्याला दिसत नाहीत. 2000 साली सिनसिनाटीच्या केनियन मार्टिनचा पाय कॉन्फरन्सच्या स्पर्धेत मोडला. सगळा हंगाम त्याच्या खांद्यावर होता, आकडे तसेच झळकत राहिले. समितीने पहिल्याऐवजी दुसरं मानांकन दिलं. माणसं त्या खोलीत असायला हवीत ती यासाठी. त्याच माणसांमुळे दुसऱ्या शंकाही येतात. 2025 मध्ये पहिल्या चौकटीतल्या 13 सामन्यांपैकी फक्त 1 जिंकलेलं नॉर्थ कॅरोलायना आत आलं, वेस्ट व्हर्जिनिया बाहेर राहिलं, आणि समितीचे अध्यक्ष होते नॉर्थ कॅरोलायनाचेच क्रीडासंचालक. नियमाप्रमाणे त्या चर्चेच्या वेळी ते खोलीबाहेर होते. नेटमध्ये नॉर्थ कॅरोलायना 36वं होतं, म्हणजे भाकिताच्या बाजूने बघणाऱ्याला ही निवड ठीकच वाटेल, आणि कमाई बघणाऱ्याचं डोकं फिरेल.

मग इंडियाना स्टेट? मी समितीत असतो तर घेतलं असतं. 29 या आकड्यासाठी नव्हे. तो तीन-चार क्रमांकांनी वर होता की वीस क्रमांकांनी खाली, हे कोणीच सांगू शकत नाही. मी त्यांना घेतलं असतं ते मिळालेल्या वेळापत्रकात त्यांनी फारसं कुठे ठेच न खाता 28 जिंकले म्हणून. व्हर्जिनियाच्या बाजूने तेवढी कमाई मला दिसत नव्हती. दुसरा कोणी सदस्य उलट बोलला असता, आणि त्याला खोटं पाडेल असा एकही आकडा माझ्याकडे नसता.

राहिला ब्रॅकेट. तो भाकिताचा खेळ आहे, तेव्हा केनपॉमसारखी क्रमवारी घ्या आणि मानांकनाकडे दुर्लक्ष करा. दोन संघांत दोन गुणांपेक्षा कमी अंतर असेल तिथे खुशाल नाणं उडवा किंवा मुलीला विचारा. आणि भरण्याआधी दोन्ही संघांच्या दुखापतींच्या बातम्या वाचा. या कामातली माझी सगळ्यात महागडी चूक त्या न वाचल्यामुळेच झाली होती.